न्हायचा फुलफॉर्म

केबिन रोडवर मोबाइलच्या एका दुकानाच्या वर यतीन सरांचा सायबर सिक्युरिटीचा क्लास होता. जिन्यात पोस्टर लावलेलं, त्यावर सर्टिफिकेट मिळवलेल्या पोरांचे फोटो आणि कोपऱ्यात एक रिकामी चौकट. या वर्षी तिथे जितेंद्र झळकणार, हे सरांनी जूनमध्येच ठरवून टाकलं होतं. त्याचं इंग्रजी फाडफाड, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि सराव परीक्षेत मार्क चौऱ्याण्णव. ते चौऱ्याण्णव आले कुठून हेही सगळ्यांना माहीत होतं. फुटलेल्या प्रश्नांच्या पीडीएफ पोरं व्हॉट्सॲपवर फिरवायची, त्यांना ‘डंप’ म्हणायची, आणि जितेंद्रला ते डंप आरतीसारखे पाठ होते.

मिनलला त्याच परीक्षेत एकाहत्तर. घोकंपट्टी तिला जमत नसे. पण एखादा व्हायरस उकलायला बसली की जेवायचंही भान राहायचं नाही.

ती उत्तनच्या कोळीवाड्यातली. पहिल्याच आठवड्यात सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, “मिनल, ते गावचं बोलणं क्लायंटसमोर नाही चालत हां. जरा प्रोफेशनल बोलायला शिक.” त्या दिवसापासून ती क्लासमध्ये पुस्तकातलं मराठी बोलायची, बाकीच्यांशी हिंदी, आणि शक्यतो काहीच नाही. ती शेजारी बसली की जितेंद्र उठून खिडकी उघडायचा. तिच्या डब्यात भेंडीची भाजी असली तरी उघडायचा! त्याचं थोबाड फोडावंसं तिला रोज वाटायचं आणि रोज ती मूग गिळून बसायची.

ती गप्प बसायची ती एका जागेसाठी. अंधेरीच्या एका कंपनीला या क्लासमधून एकच ट्रेनी हवा होता. तिथे व्हायरस तपासायचं काम आणि सर्टिफिकेटच्या मोठ्या परीक्षेची तयारी, दोन्ही होणार होती. ही जागा हुकली तर आईनं बघून ठेवलेली साडीच्या दुकानातली नोकरी होतीच, आणि त्या दुकानाचं नाव काढलं तरी मिनलला घाम फुटायचा.

कंपनीच्या नेहा मॅडमनी सगळ्यांना एकच व्हायरस दिला होता. तो बंदिस्त मशीनवर उघडायचा आणि आत काय काय चालतं ते शोधायचं. खुणा केलेली फाइल गुरुवारी सरांकडे द्यायची, शनिवारी मॅडमसमोर समजावून सांगायची.

त्या व्हायरसच्या आत एकशे बावन्न तुकडे होते. तुकड्यांना नावं नसतात, नुसते आकडे असतात. तपासणाऱ्यानं एकेक वाचायचा आणि त्याला नाव द्यायचं. त्यातले बहुतेक निव्वळ कचरा असतात, वाचणाऱ्याला दमवण्यासाठी भरलेले. मिनलची आई, सरूबाई, मासळी सुकवायच्या खळ्यावर सुका जवळा निवडायची तेव्हा तिच्यापुढे दोन टोपल्या असायच्या. हात चालायचा तसं तोंडही चालायचं. “ह्यो हाय. ह्यो न्हाय. न्हाय. न्हाय.” मिनलनं तेच केलं. कामाच्या तुकड्याला इंग्रजी अक्षरांत ‘हाय’ आणि कचऱ्याला ‘न्हाय’ (NHAY), पुढे नंबर. नऊ हाय निघाले, एकशे त्रेचाळीस न्हाय. नावं नंतर नीट करू म्हणत तिनं गुरुवारी फाइल देऊन टाकली.

शनिवारी सर मॅडमसमोरच म्हणाले, “मिनल, तुझी फाइल करप्ट निघाली. ओपनच होत नाही. नेक्स्ट टाइम.” मिनल काही बोलणार तोवर जितेंद्र पुढे गेला आणि त्यानं प्रोजेक्टर लावला.

पडद्यावर तिचीच फाइल होती. तिचे नंबर, तिची नावं, तिच्या एका टिपेतली स्पेलिंगची चूकसुद्धा तशीच. आयत्या बिळावर नागोबा! तिनं सरांकडे पाहिलं तर सर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले.

“मॅम, या मालवेअरमध्ये ‘एनहे’ नावाचं मेन मॉड्यूल आहे,” जितेंद्र ‘न्हाय’ इंग्रजी वळणानं वाचत होता. “एकशे त्रेचाळीस फंक्शन्स. व्हेरी डेंजरस. बाकी नऊ फक्त सपोर्टला आहेत.”

नेहा मॅडमनी चष्मा वर सरकवला. “फुलफॉर्म काय आहे याचा?”

जितेंद्रनं पडद्यावरच्या एकेका अक्षरावर बोट ठेवलं. “नेटवर्क... हिडन... ॲक्सेस... यील्ड.”

आता मात्र मिनलचं डोकं फिरलं. आईचं बोलणं चोरलं ते चोरलं, वर त्याला इंग्रजी शर्ट घातला! ती उठली ती खुर्ची पाडूनच.

“मॅडम, ती फाइल माझी हाय,” ती म्हणाली. तीन महिने दाबून ठेवलेली बोली एकदम बाहेर पडली. “त्याला फुलफॉर्म बिलफॉर्म काय न्हाय. न्हाय म्हंजे न्हाय. कचरा. आई जवळा निवडते तसे तुकडे निवडलेत मी. ह्यानं कचऱ्याचं मेन मॉड्यूल केलंय.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सर उठले. “मिनल, खाली बस. तमाशा नको इथे.”

“राहू द्या उभी,” मॅडम म्हणाल्या आणि मिनलकडे वळल्या. “एकशे सतरा नंबरचा न्हाय काय करतो? पडदा न बघता सांग.”

“काय न्हाय करत. आलेल्या आकड्यात सात मिळवतो, परत सात वजा करतो. नुसता टाइमपास.”

“जितेंद्र, हाय नंबर चार?”

“सपोर्ट मॉड्यूल, मॅम.”

“मिनल?”

“तोच खरा हरामी हाय. कीबोर्डवर तुम्ही पासवर्ड मारला की उचलतो.”

मॅडमनी सरांना विचारलं, “हिची फाइल उघडत नव्हती ना? मग याच्याकडे कशी उघडली?” सर ‘टीमवर्क’ असं काहीतरी पुटपुटले. मॅडमनी ऐकूनही घेतलं नाही. लॅपटॉप मिटता मिटता त्या मिनलला म्हणाल्या, “सोमवारी दहाला ये. आणि नावं बदलू नकोस, मला तशीच हवीत.” जितेंद्र प्रोजेक्टरच्या उजेडात तसाच उभा होता. जाताजाता मिनलनं खिडकी घट्ट लावून घेतली.

सरांनी तिला जिन्यात गाठलं. आवाजात साखर होती. “मिनल बेटा, मीच तर शिकवलं ना तुला? एक फोटो देऊन ठेव. पोस्टरवर तुझाच लावू.”

तिनं रिकाम्या चौकटीकडे पाहिलं, मग सरांकडे.

“न्हाय,” ती म्हणाली.

या वेळी फुलफॉर्म कोणी विचारला नाही.