आयुधपूजेच्या दिवशीचं पाणी

इसैवाणी आठ वर्षं याच दिवसासाठी डूख धरून होती. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या राज्याच्या वकिलांमागे, फायलींच्या ढिगाआड, ती बसली होती. साक्षीला उभा होता वरच्या राज्याचा अधीक्षक अभियंता चन्नवीरप्पा.

आठ वर्षांपूर्वी याच पाणी लवादापुढे त्यानं तिच्या साहेबांची, तिरुवेंगडम सरांची, नदीच्या मापांची वही हवेत फडकावली होती. "दर वर्षी एक पान कोरं! यांची नदी रजेवर जाते की काय?" सगळं दालन हसलं. त्यांचे आकडे बाद झाले, सर निलंबित झाले आणि वर्षभरात खचून वारले. इसैवाणीला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. तो हशा तिच्या कानातून गेलाच नाही.

कोरं पान आयुधपूजेचं, म्हणजे खंडेनवमीचं, असायचं. नदीचा वेग मोजायचं यंत्र त्या दिवशी चंदनकुंकू लावून देवीपुढे मांडलेलं. पूजा हलेपर्यंत त्याला कुणी शिवत नाही. सरांनी मोजलं नाही, म्हणून लिहिलं नाही. चन्नवीरप्पाच्या वहीत मात्र एकही पान कोरं नव्हतं.

तिनं वकील देसिकनांच्या हाती चिठ्ठी सरकवली.

"आयुधपूजा करता का हो तुम्ही?" देसिकनांनी सहज विचारलं.

"म्हणजे काय! एकवीस वर्षं माझ्याच हातानं होते." चन्नवीरप्पा खुलला.

"यंत्रं किती कचेरीत?"

"एकच. तेच मांडतो."

"आणि तातडीनं पाणी मोजायचं झालं तर?"

"देवीपुढचं यंत्र उचलायचं? छे, छे! असला अधर्म माझ्या कचेरीत कधी झाला नाही."

"मग त्या दिवशीचा हा आकडा कुठला? सही तुमचीच ना?"

चन्नवीरप्पा वहीकडे बघत राहिला. या खेपेला कुणी हसलं नाही, आणि इसैवाणीला त्या न हसण्याचंच वाईट वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं तिला व्हरांड्यात गाठलं. "अम्मा, झाली ना शोभा? आता बाकीच्या वर्षांच्या वह्या मागवू नका. तीन महिने राहिलेत हो माझ्या निवृत्तीला."

"सरांचे अठरा दिवस राहिले होते," ती म्हणाली आणि तिथंच कठड्यावर कागद ठेवून पुढची चिठ्ठी लिहू लागली.