ती गाडी कुठंही चाललेली नाही

मी बिस्किटांचा डबा बोलतोय. झाकण उघडायची घाई करू नका, बिस्किटं चौऱ्याऐंशी सालच्या नाताळातच संपली. आणि मला हातात घेतलंच असेल, तर बुडाचा गंज बघून तोंड वाकडं करू नका. तो कसा चढला ते ऐका, मग काय ते बोला.

माझ्या झाकणावर जॉन कॉन्स्टेबल नावाच्या इंग्रज चित्रकाराचं चित्र छापलंय. ओढ्याच्या पाण्यात उभी असलेली रिकामी लाकडी गाडी, तिला जुंपलेले घोडे, डाव्या हाताला लाल कौलांचं घर, काठावर एक कुत्रं. अस्सल चित्र लंडनला सोनेरी चौकटीत आहे. मी त्याची नक्कल, तीसुद्धा पत्र्यावरची. असेना का! कारखान्यात माझ्या शेजारी सूर्यफुलांचे डबे होते, त्यांच्यापलीकडे मोनालिसाचे. त्या बाईचा तोरा काय सांगू तुम्हाला. मी मात्र तेव्हापासूनच कुणाला भीक घातली नाही. मुळात हे चित्र लंडनमध्ये पहिल्यांदा मांडलं तेव्हा ते विकलंच गेलं नव्हतं म्हणे. तीन वर्षांनी पॅरिसला गेलं आणि तिथं सुवर्णपदक मिळालं. पिकतं तिथं विकत नाही, हे इंग्लंडातही खरंच आहे.

मला घरी आणलं गिरिजाबाईंनी. लीड्समधल्या एका कोटांच्या कारखान्यात त्या बाह्या जोडायच्या, तिथल्या सुपरवायझर बाईनं नाताळात दिलं. बाईंचं माहेर जालन्याकडचं. वडील कडूबा सुतार, बैलगाड्या करणारे. यजमान शशिकांत तिथल्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मुलगी वैजयंती, जन्म लीड्सचा, तोंडात सदा इंग्रजी.

घरी आल्यावर बाईंनी मला टेबलावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि झाकणाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगंबाई, ह्यांच्याकडंपण चाकं सुकतात म्हणायची."

कुणाला काही कळलं नाही. शशिकांतराव पेपर वाचत होते, वैजयंती माझ्यातली क्रीमची बिस्किटं निवडून खात होती. पुढे माझ्यात सुया, हुक, रिळं आली आणि ते बोलणं राहून गेलं.

सहा वर्षांनी निघालं. वैजयंती सतरा वर्षांची झाली होती. ए-लेव्हलला, म्हणजे आपल्याकडच्या बारावीला, तिनं चित्रकलेचा इतिहास घेतला होता. घरात रेम्ब्रांट, व्हर्मीर, टर्नर अशी जाडजूड पुस्तकं यायची आणि माझ्याशेजारी पडायची. मोठा निबंध लिहायचा होता. मँचेस्टर युनिव्हर्सिटीला जायचं तर तो चांगलाच हवा. पोरीनं विषय म्हणून नेमकं माझंच चित्र निवडलं. माझी छाती अशी फुगली म्हणता!

गाडी ओढा ओलांडतेय, असं तिच्या पुस्तकात होतं. तिनं तसंच लिहायला घेतलं. गिरिजाबाई शेजारी बटण लावत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, ती गाडी कुठंही चाललेली नाही."

मग त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात लाकूड आटतं. चाकावरची लोखंडी पट्टी, तिला धाव म्हणतात, ती सैल होते, आरे खुळखुळतात. अशा गाडीत भार भरला तर धाव निसटून चाक उलगडतं. म्हणून आधी गाडी पाण्यात उभी करायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, धाव घट्ट बसते. "मागं बघ, गवत कापतायत. म्हंजे उन्हाळा. गाडी रिकामी आहे. आता भरायची, म्हणून चाकं भिजवतायत. हा चित्रकार कुणाचा पोरगा?"

गिरणीवाल्याचा, वैजयंती म्हणाली.

"मग त्यानं हे जन्मभर बघितलेलं असणार."

वैजयंतीचे डोळे चमकले. तिनं त्यावर पानभर लिहिलं, खुशीत लिहिलं. आठ दिवसांनी निबंध परत आला तो त्या पानावर लाल शाई घेऊन. मिसेस हॉल्रॉयड या तिच्या शाळेतल्या मॅडमनी विचारलं होतं: याला आधार काय? कुठल्या पुस्तकात आहे? आधार दे, नाहीतर पान काढ.

मॅडम वाईट नव्हत्या, नियमानं चालणाऱ्या होत्या. पण वैजयंती घरी आली ती फणफणत. दप्तर आपटलं आणि आईवरच घसरली. "आई, तुझी गोष्ट प्रूफ नाही ना. आजोबांचा बुक आहे का कुठे? नाही. मग मी काय लिहू, माय मम सेड सो?" आणि तिनं त्या पानावर आडवी रेघ ओढली.

कडूबांचं पुस्तक कुठून असणार? त्यांना सही करता येत नव्हती, अंगठा द्यायचे. पण त्यांच्या हातची गाडी पंधरा पोती घेऊन माळावरून जायची. गिरिजाबाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. उठल्या आणि माझ्यातल्या सुया, रिळं, हुक सगळं टेबलावर ओतलं.

मग न्हाणीघरातून जुन्या झाडूचा दांडा आणला, त्याचे करवतीनं दोन तुकडे केले. पडद्याच्या दोन पितळी कड्या त्यांवर चढवल्या. दोन्ही सैल, सहज सरकत होत्या. एक तुकडा खिडकीत ठेवला. दुसरा माझ्यात ठेवला आणि माझ्यात काठोकाठ पाणी ओतलं.

पाणी! पत्र्याच्या डब्यात! दोन दिवस! मी मनातल्या मनात शंख केला, पण डब्याचं कोण ऐकतंय? पहिल्या रात्रीच बुडाला टोचायला लागलं. दुसऱ्या दिवशी मला कळलं की बाईंना मी गंजणार हे ठाऊक आहे, आणि तरीही त्यांनी दुसरं भांडं घेतलेलं नाही. मग मीही दात आवळून बसलो. म्हटलं, होऊन जाऊ दे.

गुरुवारी शाळेत पॅरेंट्स इव्हनिंग होती. गिरिजाबाई कधी जायच्या नाहीत. आपलं इंग्रजी कारखान्यापुरतं, तिथं जाऊन हसं कशाला करून घ्या, म्हणून दरवेळी शशिकांतराव जायचे. यावेळी त्यांनी कोट चढवला तोवर बाई दारात उभ्या होत्या, चांगली साडी नेसून, झाकण लावून मला पाण्यासकट दोन्ही हातांत धरून. "तुम्ही बसा, मी जाते," एवढंच म्हणाल्या.

हॉलमध्ये टेबलं मांडलेली, एकेका आईबापाला पाच मिनिटं. बाईंनी मला मिसेस हॉल्रॉयडच्या टेबलावर ठेवलं. झाकणाच्या कडेवरून पाणी हिंदकळून कुठल्याशा कागदावर पडलं. वैजयंतीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. आजूबाजूला तिच्या मैत्रिणी, त्यांचे आईवडील.

"मी म्हणते तसं सांग," बाई तिला म्हणाल्या. "मधलं काही गाळू नको."

वैजयंती भराभरा इंग्रजीत बोलून मोकळी झाली. लाकूड, पाणी, चाक, थँक यू. उठायच्या बेतात होती. गिरिजाबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"फादर म्हणालीस का? मला तेवढा शब्द कळतो. तो आला नाही."

वैजयंतीनं मान खाली घातली. तिला लाज कसली वाटत होती, हे तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं. मी तिच्या समोरच होतो, मला दिसत होतं. मग ती सावकाश बोलली, की माझे आजोबा गाड्या करायचे, त्यांना लिहिता येत नव्हतं, हे त्यांनी माझ्या आईला शिकवलं.

गिरिजाबाईंनी खिडकीत ठेवलेला सुका तुकडा पर्समधून काढून पुढे केला. मिसेस हॉल्रॉयडनं कडी ओढली, ती सर्रकन निघाली. मग माझ्यातला ओला तुकडा. मॅडमनी ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. चष्मा काढून ठेवून ओढलं. कडी तसूभर हलली नाही. मागच्या रांगेतला एक ताडमाड बाप पुढे आला, म्हणाला मी बघतो. त्याचीही बोटं लाल झाली. गिरिजाबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, त्यांना मुळीच घाई नव्हती.

मिसेस हॉल्रॉयड बराच वेळ तुकडा हातात फिरवत होत्या. चित्रकाराच्या मनात काय होतं ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. ते खरंच आहे, मलाही ठाऊक नाही. पण पान राहू दे, म्हणाल्या, आणि खाली आधार म्हणून आजोबांचं नाव लिही. गावासकट.

वैजयंतीनं लिहिलं: कडूबा सुतार, गाड्या करणारे, जिल्हा जालना, मुलगी गिरिजाकडून तोंडी. निबंधाला ए नाही, बी मिळाला, शेवटी घाईत लिहिलं होतं म्हणून. मँचेस्टरला प्रवेश मात्र झाला.

त्र्याण्णव साली मायलेकी लंडनला गेल्या. बाईंनी मला पिशवीत घेतलं होतं, म्हणाल्या याचंही चित्र आहे, यालाही बघू दे. भिंतभर अस्सल चित्र समोर आलं. मी काही खाली मान घातली नाही. तिथं एक गाईड वीसेक लोकांना सांगत होता, की गाडी ओढा ओलांडून पलीकडे चाललीय.

गिरिजाबाईंनी लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना बोलायची गरज पडली नाही.

"एक्स्क्यूज मी," वैजयंती म्हणाली, भरल्या दालनात, स्वच्छ मोठ्या आवाजात. "माय ग्रँडफादर मेड कार्ट्स."

वीस माना वळल्या. बाईंनी पिशवीवरून मला थोपटलं आणि हळूच म्हणाल्या, "फादर आला. या खेपेला न सांगता आला."

आता मी मँचेस्टरला वैजयंतीच्या फ्लॅटमध्ये फळीवर असतो. कोपरा चेपलाय, घोड्यांचा रंग उडालाय. परवा तिची एक मैत्रीण म्हणाली, डबा जुना आहे, बुडाचा गंज घासून काढलास तर बरा दिसेल. वैजयंती नको म्हणाली. तुम्हालाही तेच सांगतो. पॉलिशचा कागद घेऊन माझ्या वाटेला जाऊ नका. पाणी दोन दिवस माझ्यात होतं, आणि मी गळलो नाही.