नवरदेवाची दाढी

एकोणीसशे एकाहत्तर साल. सप्टेंबर महिन्यातला रविवार. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं आयवालिक गाव; तिथल्या वरच्या आळीत तुर्गुतचं लग्न होतं. अंगणातल्या तुतीखाली खुर्ची मांडून त्याला बसवलं होतं, गळ्याभोवती पांढरा टॉवेल बांधला होता आणि ढोल-सनई जोरात सुरू होती.

"तो ब्रश ठेवा बाजूला, उस्ताद," नवरदेवाचे मामा जेमिल म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशातून एक चकचकीत डबा काढला. "जर्मनीचा माल आहे. नुसतं दाबायचं, फस्सकन फेस बाहेर. घासाघीस नाही, काही नाही."

"मामा, हे दाढीला लावायचं की केकला?" नवरदेवाचा एक मित्र ओरडला.

"तू गप रे. तुझ्या दाढीला केरसुणीच लागते."

सगळे हसले. सब्री उस्ताद हसले नाहीत. चाळीस वर्षं ते या आळीतल्या गालांवर वस्तरा फिरवत होते, आणि चाळीस वर्षं त्यांच्या पेटीत एकच साबण होता: चांदीच्या कागदात गुंडाळलेली, अंगठ्याएवढी जाड, पांढरी कांडी. किराणा दुकानातली सगळ्यांत स्वस्त. पण जेमिलमामा सहा वर्षांनी मोटारीच्या कारखान्यातून सुट्टी काढून आले होते, आणि तुर्गुतला वडील नव्हते. घरात शब्द मामांचाच.

"पाहुण्यांनी आणलंय, तर लावू या," उस्ताद म्हणाले.

त्यांची मुलगी मेलाहत मागे तांब्याची किटली धरून उभी होती. वय छत्तीस, डोक्याला निळा रुमाल. बाकी बायका वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांत होत्या. पण उस्तादांचं पाणी आणि ब्रश मेलाहतनं सांभाळायचे, हे तिची आई गेल्यापासून चालत आलेलं, त्यामुळे पुरुषांच्या गराड्यात ती उभी असली तरी कोणाला काही वाटत नसे. किटलीत पावसाचं पाणी होतं. आयवालिकच्या विहिरींचं पाणी जड. त्यात स्वस्त साबण फुटतो, गालावर दह्यासारखा बसतो. म्हणून ती छपरावरून घरच्या टाक्यात साठलेलं पाणी गाळून, कोमट करून घेऊन येई.

तिचं लक्ष मात्र पाण्याकडे नव्हतं. वडिलांच्या उजव्या हाताकडे होतं.

फेब्रुवारीत एकदा चहाचा पेला त्या हातातून सुटला होता. मग एकदा किल्ली. मग एका सकाळी दुकानाचं फळीदार दार उघडताना बोटं कडीभोवती मिटली ती उघडेनातच. त्या दिवसापासून उस्तादांची स्वतःची दाढी मेलाहत करायची, स्वयंपाकघरात, दार लावून. त्यांनीच शिकवलं होतं, कुरकुरत, रोज एक चूक काढत. गिऱ्हाइकं ते कमी घेऊ लागले होते. गुडघे दुखतात म्हणून सांगायचे. हाताचं कोणालाच माहीत नव्हतं.

त्याच दिवशी सकाळी तिनं विनवून पाहिलं होतं. "बाबा, खालच्या बाजारातला न्हावी बोलवू दे त्यांना. ताप आलाय म्हणून सांगू."

"त्या पोराच्या बापाची लग्नाची दाढी मी केलीय. बाप समुद्रात बुडून गेला तेव्हा ह्याला पहिली मिसरूड फुटायची होती. तीही मीच उतरवली. आज नाही म्हटलं तर उद्या आळी विचारेल, का म्हणून. आणि हात आखडणाऱ्या न्हाव्यापुढं गळा कोण उघडा करतो, मेलाहत?"

तिनं किटली भरायला घेतली.

अंगणात आता फेस लागला होता. उंच, भपकेदार, ढगासारखा. मित्रांनी नवरदेवाभोवती एक फेर धरला, मग दुसरा. उत्तरेचा वारा सुटलेला. फेर संपेपर्यंत ढगाचा पापुद्रा झाला होता आणि खाली दाढी कोरडी ठणठणीत.

"मामा, केक शिळा झाला!" तोच मित्र.

जेमिलमामांनी डबा पुन्हा दाबला. तो दोनदा शिंकला आणि गप्प झाला.

"मेलाहत, पाणी," उस्ताद म्हणाले. आता मात्र त्यांच्या मिशीत हसू होतं.

पुढचं तिला डोळे मिटूनही करता आलं असतं. उस्तादांनी गरम टॉवेलनं चेहरा पुसून घेतला. ओल्या दाढीवर कांडी फिरवली, केसांच्या उलट, खरवडल्यासारखी, गालावर नुसता चिकट थर राहीपर्यंत. मग ब्रशाचं टोक तेवढं पाण्यात बुडवायचं. आधी काहीच होत नाही. नवशिका इथंच घाबरतो आणि आणखी साबण घासतो. उस्ताद म्हणायचे, साबणाला बोल लावू नका, त्याला पाणी पाजा. थेंब थेंब, गोल गोल. तिसऱ्या बुडवणीला तो थर एकदम उठला, दुधाच्या सायीसारखा, चकाकता, बुडबुड्याशिवाय. लिंबाचा आणि धुतलेल्या कपड्यांचा वास अंगणभर पसरला. दुकान बंद व्हायच्या वेळी वडिलांच्या बाहीला तोच वास यायचा. लहानपणी ती तो हुंगत झोपी जाई.

वारा सुटलेला होता, तरी हा फेस हलला नाही.

पहिला हात सुलट फिरला. गाल, ओठावरची जागा, हनुवटी. वस्तऱ्याचा तो बारीक करकर आवाज ढोलातूनही मेलाहतला ऐकू येत होता. मध्येच उस्ताद रीतीप्रमाणे थांबले आणि वस्तरा वर धरून म्हणाले, "चालत नाही बुवा! गंजला की काय!" मित्रांनी समोर टेकवलेल्या आरशाच्या चौकटीत नोटा खोचल्या, तेव्हा तो चालू लागला. हा खेळ प्रत्येक लग्नात व्हायचा. झाला नाही तर लोकांना चुकल्यासारखं वाटे.

दुसऱ्यांदा साबण लागला. उलटा हात. तुर्गुतनं मान मागे टाकली, उस्तादांनी वस्तरा गळ्याच्या तळाशी टेकवला आणि ते थांबले.

"पुन्हा अडला! काढा रे, काढा!" मित्र हसत पुढे आले. आणखी दोन नोटा खोचल्या गेल्या. ढोलवाल्यानं जोर धरला.

उस्ताद हलले नाहीत.

"उस्ताद आज लोभी झालेत! मामा, तुमचे मार्क काढा आता!"

मामांनी हसत हसत एक जर्मन नोट लावली. टाळ्या पडल्या. मेलाहतनं पाहिलं, वडिलांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलंय. वस्तरा गळ्यावर, बोटं त्याभोवती मिटलेली, आणि खांद्यापासून खाली तो हात जणू दुसऱ्या कोणाचा. कपाळावर घाम. लोक हसत होते. आणखी थोडा वेळ, आणि कोणाच्या तरी लक्षात आलंच असतं.

ती पुढे झाली. ब्रश बुडवून तिनं आधी गळ्यावरचा फेस ताजा केला, सावकाश, वस्तऱ्याच्या बाजूबाजूनं. तेवढ्यात टॉवेलाची कड वडिलांच्या मुठीवर ओढून घेतली. मग मोठ्यानं बोलली. पुरुषांच्या बैठकीत ती आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती.

"बाबा, गळ्याचा हात माझा ना? बाप नसलेल्या नवरदेवाचा गळा उस्तादांच्या मुलीनं करायचा. जुना दस्तूर आहे, आज मोडू नका."

ढोल थांबला. असा दस्तूर कोणी ऐकला नव्हता. जेमिलमामा तोंड उघडं ठेवून बघत राहिले. पण जुना म्हटल्यावर, ठाऊक नाही असं चारचौघांत कोण कबूल करणार?

"असतो, असतो," कोपऱ्यातून नवरदेवाचे म्हातारे चुलत आजोबा म्हणाले. "माझ्या लग्नात असंच झालं होतं. ती पोरगी जरा गोरी होती, एवढंच."

हशा पिकला. हशात उस्तादांनी मुलीकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि रागाखाली आणखी काही होतं, ते तिला बघवलं नाही. ते नाही म्हणू शकले असते. एक शब्द पुरला असता.

"हो," ते म्हणाले. "दस्तूर आहे. मीच विसरलो होतो."

टॉवेलाखाली तिनं एकेक बोट उलगडलं. आधी करंगळी. शेवटी अंगठा.

मग ती नवरदेवाच्या मागे उभी राहिली, डाव्या हातानं कातडी ताणली आणि वस्तरा वर ओढला. स्वयंपाकघरात रोज करायची तसाच. तुर्गुतचा कंठमणी खाली-वर झाला.

"ताई," तो ओठ न हलवता पुटपुटला, "उस्तादकाकांना बसायला काहीतरी दे."

म्हणजे त्याला कळलं होतं.

"बोलू नकोस. कापेल."

कापलं नाही. तुरटी फिरली, कोलोन शिंपडलं गेलं. तुर्गुत उठला आणि रीतीप्रमाणे उस्तादांच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला. उजवा हात वर येत नव्हता. तो त्यानं स्वतःच्या दोन्ही हातांनी उचलला, ओठांना लावला, कपाळाला टेकवला, आणि बघणाऱ्यांना वाटलं, किती आदबशीर पोरगा आहे.

घरी जाताना अर्ध्या चढणीवर उस्ताद दम घ्यायला थांबले. मग म्हणाले, "कानाखाली घाई केलीस."

"हो बाबा."

"फेस मात्र बरा होता."

जेमिलमामा जर्मनीला परत गेले आणि तिथंच राहिले. तिथून आलेल्या पुढच्या फोटोत त्यांना छातीपर्यंत दाढी होती. तुर्गुतनं बापाची मासेमारी सोडून मुद्दाम जमिनीवरचं काम धरलं, ऑलिव्ह तेलाच्या गिरणीत. त्याला चार मुली झाल्या. मेलाहतचा दस्तूर वरच्या आळीत वीसेक वर्षं टिकला. वडील असलेले नवरदेवही हट्ट धरू लागले, आणि शेजारच्या गावातल्या एका मास्तरांनी तो फार प्राचीन असल्याचं लिहूनही ठेवलं. रोजच्या दाढीला मात्र बाईपुढं कोण बसणार? ती साबणाच्या कारखान्यात वड्या गुंडाळायला जाऊ लागली आणि तिथूनच म्हातारी होऊन निवृत्त झाली.

सब्री उस्तादांनी त्या लग्नानंतर दुकान उघडलं नाही. आळीतले पुरुष घरीच दाढ्या खरवडू लागले. सहा वर्षांनी, मार्चमध्ये, ते झोपेतच गेले. बायका दफनाला जात नाहीत. मेलाहत वरच्या खिडकीत उभी होती. शवपेटी खांद्यावर घेऊन माणसं चढण उतरू लागली. उस्तादांसमोर वाढलेल्या दाढीनं कसं जायचं, म्हणून त्या सकाळी प्रत्येकानं घाईघाईनं दाढी केली होती. खांदा देणाऱ्या आठही जणांच्या गालांवर, हनुवट्यांवर, कापलं होतं तिथं वर्तमानपत्राचे ओले कपटे चिकटवलेले होते. एका वळणावर वारा आला आणि त्यातले दोन-तीन उडून गेले.