निनावी खाचर

केशवरावांनी लॅपटॉपवर तीच अकरा सेकंदे चौथ्यांदा मागे नेली आणि डोळे मिटून घेतले.

कोंबड्याचे आरवणे. मग त्यांचाच आवाज, तेहतीस वर्षांपूर्वीचा, उत्तर कोणत्या कप्प्यात ठेवायचे हे आधीच ठरवून प्रश्न विचारणारा: “आणि त्याच्या खालच्या अंगाला?” त्यानंतर थोडी पोकळी. त्या पोकळीत, डाव्या खांद्याच्या मागे साधारण दोन हातांवरून, एक बाई हळूच म्हणाली, “म्हसोबाची पट्टी.” लगेच नथूचा खणखणीत आवाज, विहिरीच्या तळातून आठवण उपसून काढल्याच्या थाटात: “म्हसोबाची पट्टी.”

त्यांनी हेडफोन उतरवून टेबलावर ठेवले आणि भर सभेत आपली चूक दाखवणाऱ्या कनिष्ठ सहकाऱ्याकडे पाहावे तसे त्यांच्याकडे पाहिले.

हेडफोन पुतण्याने, श्रीयशने, गेल्या आठवड्यात मागवून दिले होते. काळे प्लास्टिक, वजन नसल्यात जमा, आणि दोन्ही कानांच्या बाहेरच्या बाजूला झाकणाऐवजी नुसती जाळी. “हे ओपन-बॅक आहेत, काका,” तो म्हणाला होता. “पाठ उघडी. बाहेरचं आत येतं, आतलं बाहेर जातं. पण आवाज इतका मोकळा की कोण कुठे बसलंय तेसुद्धा कळतं. या किमतीत असं काही मिळत नाही.” केशवरावांनी किंमत विचारली होती आणि ती ऐकताच वस्तूबद्दलचे मत कायम करून टाकले होते. विद्यापीठाच्या अनुदानातून घेतलेला त्यांचा जुना, जाडजूड, विलायती हेडफोन कानांवर उशीसारखा दाबून बसत असे. त्याच्या आत जग शिरत नसे. त्यात त्यांना इतकी वर्षे फक्त नथू ऐकू आला होता.

“आता कोंडीचा पट्टा,” समोर बसून चवळीच्या शेंगा मोडणाऱ्या त्यांच्या पत्नी अनसूयाबाई मान वर न करता म्हणाल्या.

“काय?”

“पुढे कोंडीचा पट्टा येतो. चार वेळा म्हसोबा झाला. तुमच्या कानातलं सगळं इकडे ऐकू येतंय.”

केशवरावांनी आवाज कमी केला.

पवना धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एकशे चौदा शेतांची नावे नथू या निरक्षर शेतकऱ्याच्या तोंडून उतरवून घेणारे त्यांचे पुस्तक एम.ए.च्या अभ्यासक्रमात होते. त्याची प्रस्तावना, विशेषतः नथूच्या ‘लिपीला लाजवणाऱ्या स्मृती’विषयीचा परिच्छेद, विद्यार्थी पाठ करीत. पण ग्रंथाची खरी कीर्ती शेवटच्या प्रकरणाची होती. नाल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका लहानशा भातखाचराविषयी नथूने सांगितले होते, की त्याला नाव नाही. एकशे तेरा नावांनंतर आलेल्या या एका नकारावर केशवरावांनी ‘निनावी’ हे प्रकरण उभारले. भाषेच्या आधीची भूमी, मालकीच्या आधीची माती, असे त्यात पुष्कळ होते. पारितोषिक मिळाले ते त्याला.

आता दुसरी आवृत्ती निघत होती. प्रकाशकाची कल्पना अशी, की प्रत्येक नावाशेजारी क्यूआर कोड छापावा, म्हणजे वाचकाला मोबाइलवर प्रत्यक्ष नथूचा आवाज ऐकता येईल. वाचकाला आणखी काय काय ऐकता येईल, हे केशवरावांना आज सकाळी कळले होते. एका नावापूर्वी नव्हे. प्रत्येक नावापूर्वी.

त्यांनी श्रीयशला फोन लावला.

“त्या फितींत मागे एक कुजबूज आहे. ती काढता येईल?”

“येईल की. पण कोण आहे ती, काका?”

“कुणी नाही. घरातलं कुणीतरी.”

अनसूयाबाईंच्या हातातली शेंग मोडली. ती कोवळी असावी, तरी आवाज झाला.

दुपारी बाराच्या सुमारास बेल वाजली, तेव्हा केशवरावांच्या कानांवर हेडफोन होते. तरी तीच प्रथम त्यांना ऐकू आली, आणि ते दचकले. दारात नथूचा मुलगा कैलास उभा होता. आईचे डोळे दाखवायला त्याने तिला पवनानगरहून लोणावळ्यात आणले होते आणि परत जाता जाता अर्पणपत्रिकेसाठी बापाचा फोटो द्यायला वलवणला उतरला होता. त्याच्या मागून कस्तुराबाई पायरी चाचपत वर आल्या. ऐंशी उलटलेल्या, वाळलेल्या, डोळ्यांत औषध घातल्यामुळे सारखे पाणी टिपणाऱ्या.

“ह्यो येवढाच फोटू हाय, सर,” कैलास म्हणाला. “आधार कार्डावरचा मोठा करून आनला. बा कुटं उभा ऱ्हायाचा फोटूला!”

“उत्तम आहे.”

“सत्यमनं तंबू टाकल्यात की पान्याच्या कडंला. माजं पोरगं. पाटी लावलीया, ‘निनावी’. पुन्याची पोरं येत्यात, तुमचं पुस्तक वाचून. म्हनत्यात, नाव लय भारी हाय.”

केशवराव हसले. संकल्पना समाजात झिरपल्याचा पुरावा कोणत्याही विद्वानाला सुखावतो, मग ती तंबूच्या भाड्याच्या पाटीवर का असेना.

“कस्तुराबाई,” अनसूयाबाई म्हणाल्या, “नथूभाऊंचा आवाज ऐकायचाय?”

“अगं, त्यांना कशाला त्रास? डोळ्यांत औषध घातलंय.”

“डोळ्यांत घातलंय. कानांत नाही.”

केशवराव आणखी काही बोलण्याआधी त्या उठल्या होत्या. त्यांनी कस्तुराबाईंच्या डोक्यावरचा पदर तसाच ठेवून त्यावरून हेडफोन बसवले.

“ह्ये काय गं बाई,” कस्तुराबाई म्हणाल्या, “पोळ्याच्या बैलावानी?”

कैलास मोठ्याने हसला. अनसूयाबाईंनी फीत सुरू केली आणि आवाज पुरता वाढवला.

जाळीतून नथू खोलीत आला. आवाज बारीक होता, पण स्वच्छ. कस्तुराबाईंचा चेहरा हलला नाही. त्यांनी फक्त मांडीवरचे हात एकमेकांत घेतले. फितीतल्या केशवरावांनी प्रश्न विचारला, पोकळी आली, आणि कस्तुराबाईंचे ओठ हलले.

“उंबराचं खाचर.”

“उंबराचं खाचर,” जाळीतून नथू म्हणाला.

“वान्याचा दांड.”

“वान्याचा दांड.”

“आये,” कैलास पुढे सरकला, “म्होरं काय येनार ते तुला कसं ठावं?”

“मला न्हाई तर कुनाला?” कानांवर काही आहे हे विसरून त्या सहज बोलल्या. “तुज्या बाच्या काय ध्येनात ऱ्हायचं? सकाळी ठिवल्याला इळा दुपारी घावायचा न्हाई. समदं म्याच सांगायची मागनं.”

लिपीला लाजवणारी स्मृती फोटोतून समोर पाहत होती. केशवरावांनी फोटो उचलून त्याची मागची कोरी बाजू बारकाईने तपासली.

“पुरे आता,” ते म्हणाले. “बाकी सगळं असंच आहे.”

“थोडंच राहिलंय,” अनसूयाबाई म्हणाल्या.

फितीतल्या केशवरावांनी विचारले: “आणि नाल्याच्या वरचं ते लहान?” या वेळची पोकळी लांब होती. पुस्तकात तिचे वर्णन ‘इतिहासाने धरलेला श्वास’ असे होते. त्या श्वासात आता एक बाई हसली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “सांगा की.” पुन्हा शांतता. “सांगा की वो. लाजताय काय?”

“गप गं,” नथू पुटपुटला. मग मोठ्याने: “त्याला नाव न्हाई, सर. तसंच लिवा.”

खोलीत कस्तुराबाई तेच हसू पुन्हा हसल्या. फक्त दात गेले होते.

“हाय की नाव. कस्तुरीचं खाचर.”

त्यांनीच पुढे सांगितले.

“नुसता खडक व्हता तितं. ह्यो कैलास पोटात आन म्या हातात पहार घिऊन. तीन उन्हाळं फोडलं. बांद घातला, माती वाहिली डोक्यावर. पयलं भात निगालं तवा मामंजीच म्हनलं, ह्ये कस्तुरीचं खाचर. मंग समदी वाडी तसंच म्हनायची.”

“मंग बानं सांगितलं का न्हाई?” कैलासने विचारले.

“चार मानसांम्होरं बायकूचं नाव कसं घेतील, बाबा? आन पावनं बसल्यालं, म्या तरी मधी कशी बोलू?” त्यांनी पाणावलेले डोळे केशवरावांकडे वळवले. “तुमी काय लिवलं मंग, सर?”

“त्यावर… एक प्रकरण आहे.”

“नावावर?”

“नाव नसण्यावर.”

“मोटं हाय?”

“बावीस पानं,” अनसूयाबाई म्हणाल्या.

कस्तुराबाईंनी कौतुकाने मान हलवली. त्या कौतुकात उपरोध शोधण्याचा केशवरावांनी प्रयत्न केला. तो सापडला असता तर सोपे गेले असते.

“आता घालाल न्हवं?” हेडफोन उतरवून देत त्या म्हणाल्या. “खाचर तर पान्यात गेलं. मे म्हैन्यात पानी वसरलं की बांद दिसतो, पर तितं आता तंबू हायेत, म्हातारीला कोन जाऊ देतंय? पुस्तकात तरी नाव ऱ्हाऊ द्या. पोरं वाचतील.”

“बघू या. फितीवर नाव स्पष्ट असं येत नाही. संशोधनाचे काही नियम असतात.”

“व्हय, व्हय. तुमी शिकल्याली मानसं.”

एकची जीप चुकू नये म्हणून ते घाईने निघाले. पायरीवरून उतरताना कैलास आईला काहीतरी विचारत होता. उत्तर ऐकू आले नाही, पण दोघेही फाटकापाशी थांबले आणि कैलासने आईच्या हातातली पिशवी, येताना तिच्याकडेच असलेली, आपल्या हातात घेतली.

केशवरावांनी दार लावले.

“फितीवर नाव नाही,” ते म्हणाले. अनसूयाबाईंनी काहीच विचारले नव्हते. “ती म्हणते, ‘सांगा की.’ काय सांगा, ते म्हणत नाही. आज ऐंशी उलटल्यावर ती जे सांगते, ते तेहतीस वर्षांनंतरचं कथन झालं. त्याला समकालीन आधार नाही.”

अनसूयाबाई आतल्या खोलीत गेल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या हातात एक लांबट वही होती. पुस्तकासाठी चौतीस फिती त्यांनी अशा अकरा वह्यांत उतरवल्या होत्या. ऋणनिर्देशात त्याची नोंद ‘मुद्रिते तपासण्यास सौ.चे साहाय्य झाले’ अशी होती. त्यांनी पान उघडून टेबलावर ठेवले.

“त्या दुपारी तुम्ही ओटीवर होतात. मी नंतर चुलीपाशी बसले होते.”

पानावर त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते: ‘नाल्यावरचे लहान खाचर: कस्तुरीचं. तिने स्वतः खडक फोडून केलेले. नवरा तिचे नाव घेत नाही म्हणून सांगितले नाही.’ या तीन ओळींवरून लाल शाईची एक तिरकी, निःशंक रेघ गेली होती. समासात शेरा होता: ‘बायकांच्या गप्पा. वगळणे.’ खाली तारीख आणि लपेटदार ‘के.’ होता. कोणताही शेरा तारीख व सही यांवाचून मारू नये, असे ते विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवीत.

“मला आठवत नाही,” केशवराव म्हणाले.

ते खोटे बोलत नव्हते. रेघ मारताना त्यांना काही वाटलेच नव्हते, तर आठवणार काय?

अनसूयाबाईंनी वही मिटली नाही. ती तशीच उघडी ठेवून त्यांनी हेडफोन आणि लॅपटॉप उचलला आणि त्या खिडकीपाशी, केशवरावांकडे पाठ करून बसल्या.

केशवरावांनी शेवटच्या प्रकरणाची मुद्रिते पुढे ओढली. त्यांनी बराच वेळ विचार केला. खिडकीबाहेर वलवणच्या धरणावरचे ऊन उतरत गेले. बावीस पाने रद्द करणे अशक्य होते. पारितोषिक मागे घेता येत नाही. पण ते अप्रामाणिक नव्हते, आणि ज्ञानाची दारे खुली ठेवण्याची एक जागा विद्याशाखेने फार पूर्वीच निर्माण करून ठेवली होती. त्यांनी पानाच्या तळाशी लिहायला घेतले:

‘मूळ ध्वनिमुद्रणाचे प्रस्तुत लेखकाने अलीकडे उच्च दर्जाच्या श्रवणसाधनाच्या साहाय्याने पुनःश्रवण केले असता असे निदर्शनास आले, की सदर शेतास स्थानिक स्त्रियांमध्ये एखादे पर्यायी नाव प्रचलित असावे. या शोधामुळे निनावीपणाच्या संकल्पनेस बाधा न येता उलट एक नवे परिमाण लाभते.’

त्यांनी ते दोनदा वाचले. ‘एखादे’च्या जागी ‘काही एक’ केले आणि पुन्हा ‘एखादे’ केले. वाक्य तोललेले होते. इतक्या स्वस्त वस्तूला ‘उच्च दर्जाचे’ म्हणण्यात त्यांना स्वतःचा थोडा उदारपणाही जाणवला.

“अनसूया,” त्यांनी हाक मारली, “एवढं शुद्धलेखन बघतेस?”

खिडकीपाशी हालचाल झाली नाही. हेडफोनमुळे ऐकू गेले नसेल, असे त्यांच्या मनात आले. मग बेल आठवली.

“अनसूया.”

त्यांच्या आवाजाव्यतिरिक्त खोलीत आणखी एक आवाज होता, जाळीतून येणारा, बारीक आणि स्वच्छ. कोणीतरी हसले. “सांगा की,” ती बाई म्हणाली. “सांगा की वो. लाजताय काय?”

अनसूयाबाईंनी हात पुढे केला, फीत थोडी मागे नेली आणि पुन्हा सुरू केली.