कोंडिबाकाकांचे हात

दुष्काळाच्या चैत्रात सोसायटीची जीप तेरहून ईटला निघाली होती. गाडीत दोघंच: ड्रायव्हर व्यंकट आणि पखवाजी कोंडिबाकाका. संध्याकाळी ईटला कीर्तन होतं, बुवा एसटीनं पुढं गेले होते. आणि भर माळावर, ऐन उन्हात गाडी आचके देत थांबली.

पेट्रोल पुढं येत नव्हतं. काय करायचं ते व्यंकटला पाठ होतं. तापल्या गाडीत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. टाकीचं झाकण हळूच सैल करून ती सोडायची, इंजिन निवू द्यायचं, मगच चिंधी गुंडाळून नळीचा नट फिरवायचा. पण कीर्तनातलं नमन चुकलं तर त्याचा जीव कासावीस व्हायचा.

बॉनेट उघडलं की देवाला उदबत्ती लावायची, ही त्याची रीत. आजही लावली, बॉनेटच्याच फटीत खोवली. हात जोडले आणि पाना थेट नटाला लावला.

फस्सकन पेट्रोल उडालं. भडका झाला. व्यंकट मागं कोसळला. काकांनी मात्र दोन्ही हातांनी माती फेकत, दाबत आग विझवली. विझली तेव्हा त्यांच्या तळव्यांची सालटं निघाली होती.

मागनं आलेल्या ट्रकनं दोघांना दवाखान्यात आणि काकांच्या हातांना पट्ट्या बांधून झाल्यावर तिथनं ईटला पोचवलं. बुवा नुसत्या टाळांवर उभे राहिले. म्हणाले, "पांडुरंगानं आपल्या व्यंकटला अन् काकांना वाचवलं!" मंडपात गजर झाला. व्यंकट चपलांपाशी बसला होता. एरवी पहिल्या रांगेत डोलणाऱ्या त्याला मान वर करवेना. पखवाजाविना अभंग लंगडत चालला होता.

पंगतीत काकांनी हाक मारली, "व्यंकट, इकडं ये लेका. ह्या बोचक्यांनी जेवू कसा? भरव."

पिठल्यात भाकर कुस्करून त्यानं घास पुढं केला.

"बारका कर. म्या जीप न्हाय, कोंबायला."

शेजारी हसले. व्यंकटला हसू आलं नाही.

"काका, म्या वाफ सोडलीच न्हाय. घाई केली. अन् उदबत्तीबी..."

"ठाव हाय. समदं बघत हुतो म्या."

"मग बुवांना सांगितलं का न्हाय?"

"तुझं तू सांग. आधी जेवू दे."

व्यंकटनं त्यांना पोटभर भरवलं, पाणी पाजलं, तोंड पुसलं. मग उष्ट्या हातानंच उठला आणि भरल्या पंगतीतनं बुवांच्या पाटाकडं निघाला.