होळगीच्या वर खांब

गेल्या वर्षी खो-खोच्या निवड चाचणीची सूचना लोहाऱ्याच्या महेश्वरीला कळली, तेव्हा चाचणी उरकून मुली घरी पोचल्यासुद्धा होत्या. सूचना खो-खो मंडळाच्या साइटवर वेळेत लागली होती. शाळेच्या ग्रुपवर मात्र ती 'शुभ सकाळ'च्या गुलाबांखाली गाडली गेली. यंदा हुकलं की वय निघून जाणार, कायमचं!

"आता कुणाच्या फॉरवर्डवर बसायचं न्हाय," म्हणत तिनं घरातल्या एकुलत्या फोनवर फीडचं अ‍ॅप घेतलं. आवडीच्या साइट्स एकदा जोडून ठेवायच्या. तिथं नवं काही लागलं की ते आपणहून पुढ्यात हजर.

"फीड म्हणे!" संघातली अर्पिता हसली. "ग्रुप काय मेलाय का?"

पण महेश्वरीला हाव सुटली. सिनेमा जोडला, क्रिकेट जोडलं, बातम्या तर दिसतील तेवढ्या. वडिलांनी, अण्णांनी, हवामान घालून घेतलं. "माझंबी टाक की गं," म्हणत अव्वानं, तिच्या आईनं, कन्नड स्वयंपाकाची साइट, होळगीसाठी, म्हणजे पुरणपोळीसाठी. झालं! सराव शिबिराची सूचना आली ती नट्यांच्या लग्नांखाली दबली. शिबिर हुकलं.

त्या संध्याकाळी महेश्वरी दात-ओठ खाऊन छाटणीला बसली. क्रिकेट? उडव. बातम्या? उडव. सिनेमावर बोट जरा अडखळलं, तोही गेला.

"माझं काढ बाई," अण्णा म्हणाले, "मला आभाळ दिसतंय."

"माझ्याला हात लावशील तर जेवाय वाढणार न्हाय!" अव्वानं लाटणं रोखलं.

राहिल्या दोनच साइट्स: खो-खो मंडळ आणि अव्वाचा स्वयंपाक.

पुढच्याच आठवड्यात मैदानावर सराव रंगात आला असताना अव्वा पिठाच्या हातानं फोन उंचावत धावत आली. तिला वाचता येतं ते कन्नड. मराठीशी ओळख बोलण्यापुरती.

"होळगी बघाय उघडलं, तर वर ह्यो खांबाचा फोटो! पोरी उकिडव्या बसल्यात. तुझंच न्हवं?"

तिचंच होतं. निवड चाचणी, उद्या सकाळी, उमरग्याला.

सराव घेणाऱ्या सरांनी घाईनं शाळेचा ग्रुप चाळला. गुलाब, गुलाब, मधेच एक मोर.

"मी बी येऊ का गं?" अर्पिताचा आवाज पार उतरला.

"इचारतीस काय? पहिली एसटी. जन्माचा दाखला घे."

"आन् फोन तू नेल्यावर माझी होळगी?" अव्वा.

"निवडून आले की दावते!" महेश्वरीनं नाड्या करकचून आवळल्या आणि ती चौकोनात बसली. "अजून उजेड हाय. अर्पे, खो दे!"