नावेतला भोकाचा पैसा

उचगावातल्या एका वेल्डिंगच्या शेडमागं बाळाप्पांची नाव पालथी पडली होती, आणि भर दुपारी बाळाप्पा तिच्याखाली उताणे पडले होते. झोप काढत नव्हते, कामावरच होते, असं त्यांचं म्हणणं. जिथून ऊन आत येतं तिथून पाणीही येणार, तेव्हा भोकं शोधायची तर आतूनच शोधावीत, हा त्यांचा साधा विचार. आता शोधता शोधता डोळा लागला तर त्याला ते काय करणार?

नाव अल्युमिनियमची, गावाच्या तोंडी त्या धातूला जर्मन, म्हणून गाव तिला जर्मनची नाव म्हणायचं. महापुराच्या साली पंचगंगा गावात शिरली तेव्हा याच नावेनं निम्मं गाव बाहेर काढलं होतं. आता पत्र्याला पांढरी भुकटी सुटली होती, तळ कुरतडला गेला होता. पावसाआधी दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर मोडीत घालू, असं गावच्या मंडळींनी ठरवलं होतं. बाळाप्पांना ते ऐकवेना. गेल्या श्रावणात बायको हिराबाई गेली, आता नावही जाणार म्हटल्यावर त्यांच्या घशाखाली अन्न उतरेना.

नावेखाली गार होतं. जुन्या गाळाचा वास येत होता आणि छातीवर उन्हाचे बारीक ठिपके पडले होते. ते बघता बघता बाळाप्पांना पूर दिसू लागे. गल्लीत पाणी, पाण्यात विजेचे खांब, खिडकीच्या गजाला धरून बसलेलं मांजर. कुणी ओरडत नाही, सगळं कसं शांत, फक्त वल्ह्याचा आवाज. आणि देवळाच्या वरच्या पायरीवर हिराबाई, डोक्यावर पदर घेऊन. सांभाळून जा म्हणून ती कधी म्हणाली नाही. एवढ्या पुरातही तिचं एकच, जेवायला वेळेवर या.

दोनचार ठिपके इकडंतिकडं होते, पण मागच्या फळीखाली त्यांची नुसती दाटी झाली होती. संयोगितानं नाव सुलटी केली आणि ती फळी उचकटली. शेडची मालकीण हीच, अल्युमिनियम जोडायच्या अर्गन वेल्डिंगमध्ये हात बसलेला आणि तोंडानं फटकळ. फळीखालच्या ओल्या गाळातून तिनं खणाची एक चिंधी ओढून काढली. आत काळ्या दोऱ्यात ओवलेला भोकाचा पैसा होता, हिरवा पडलेला.

"अप्पा, हितं तांबं कुणी ठेवलंतं?" तिनं विचारलं. "तांबं आन् ह्यो पत्रा एका वल्यात ऱ्हायलं की पत्रा मरतोय. तांब्याला कायबी हुईत न्हाय."

बाळाप्पांनी खण ओळखला. पैसाही ओळखला. हिराबाईच्या आईनं दृष्ट लागू नये म्हणून तो तिच्या गळ्यात बांधला होता, लहानपणी. पुराच्या आदल्या वर्षी तिनं तो नवऱ्याच्या दंडाला बांधायचा घाट घातला, तर बाळाप्पा उखडले. गळ्यात इष्टलिंग असताना लिंगायताला गंडेदोरे कशाला, म्हणून त्यांनी तो तिच्या हातात परत दिला होता. पुढं त्या पैशाचं काय झालं ते त्यांनी कधी विचारलं नाही.

संयोगितानं मेलेला पत्रा कापून काढला, भोवतीचा भाग ब्रशनं घासून लख्ख केला, नवा तुकडा बसवून कडेनं जोड मारला. बारीक भोकंही भरली. मग दुसऱ्या दिवशी नाव लाकडी घोड्यांवर ठेवून आत पाणी सोडायचं ठरलं. खाली थेंब आला नाही तर नाव पास. पाणी चढत असताना तिनं जोड चाचपायला फळीखाली हात घातला, आणि तो चिंधीसकट बाहेर आला. सकाळी कुणाचं लक्ष नाही बघून बाळाप्पांनी पैसा जागच्या जागी ठेवला होता.

बाळाप्पा खाली बघून म्हणाले, "तिनं ठेवलाय. मी कसा काढू?"

संयोगिता चिडली नाही. तिनं विचारलं, "काकूंनी त्यो कुणासाठी ठेवलता? नावंसाठी व्हय?"

हिराबाईला या नावेचं कौतुक कधीच नव्हतं. नवरा नदीवर रमतो म्हणून ती नावेला सवत म्हणायची. नाव बुडाली असती तर तिनं साखर वाटली असती. बाळाप्पांना हसू आलं, आणि हसता हसताच ते लहान पोरासारखे रडू लागले. संयोगिता पाण्याची नळी बंद करायला गेली आणि तिकडंच थांबली.

ती परत आली तेव्हा बाळाप्पा पुन्हा नावेखाली उताणे पडले होते. वर काठोकाठ पाणी होतं आणि खाली ठणठणीत कोरडं. उन्हाचा एकही ठिपका नव्हता, त्यामुळं पूरही दिसेना, देवळाची पायरीही दिसेना. थेंब आला का, असं तिनं बाहेरून विचारलं. न्हाय, म्हणाले ते. सदऱ्याच्या आत, लिंगाच्या शेजारी बांधलेला पैसा मघाशी गार लागत होता. आता तो अंगाइतकाच कोमट झाला होता. बाळाप्पांना भूक लागली होती.